बॅकसाइट घेऊन पुढे : राजगड, तोरणा, रायगड आणि बाबा

आधी कबुली देते. ह्या पाच दिवसांची आखणी मी केली, वाटाड्या मी ठरवला, सामानाची यादी मी लिहिली, आणि तरीही सगळं चाललं ते बाबांच्या पद्धतीने. त्यातले तीन दिवस तर ते आमच्याबरोबर नव्हतेसुद्धा.

बाबा सर्व्हेअर. नोकरीची सगळी वर्षं कालव्यांच्या रेषा आखण्यात गेली. डंपी लेव्हल म्हणजे जागांच्या उंचीतला फरक मोजायची दुर्बीण, तिची तिपाई, रंगीत आकड्यांची उंच मोजपट्टी म्हणजे स्टाफ, ती धरणारे दोन मदतनीस, त्यांना खलाशी म्हणत, आणि उन्हाने यंत्र तापू नये म्हणून वर धरलेली छत्री. सुट्टीत ती छत्री धरायचं काम माझ्याकडे असायचं. इतर मुली मामाच्या गावाला जायच्या आणि मी यंत्राला सावली करत उभी. तेव्हा राग यायचा, तो बरीच वर्षं टिकलाही.

डिसेंबर २०१९ मध्ये राजगड, तोरणा आणि रायगड चालत करायचं ठरलं, तेव्हा आम्ही चौघं होतो : मी, माझा चौदा वर्षांचा मुलगा आणि दोन मैत्रिणी. बाबा एकोणसत्तर वर्षांचे. आमचा नकाशा टेबलावर पसरलेला होता, तो त्यांनी पाच मिनिटं पाहिला आणि म्हणाले, "मीही येतो. जमेल तिथपर्यंत." ह्या शेवटच्या दोन शब्दांकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

दिवस पहिला : गुंजवणे ते पद्मावती माची

गुंजवण्यातून चोर दरवाजाची वाट धरली. पहिल्या अर्ध्या तासात माझा मुलगा दोनदा दिसेनासा झाला आणि दोन्ही वेळा पुढच्या वळणावर दगडावर बसून धापा टाकताना सापडला. बाबा मागून त्यांच्या चालीने येत होते. ही चाल मला पाठ आहे. चढ असो, सपाटी असो, ताल तोच, फक्त पाऊल लहान-मोठं होतं. बोलता बोलता चालता आलं पाहिजे, दम लागून वाक्य तुटलं तर वेग जास्त आहे, हा त्यांचा हिशेब. वर पोचलो तेव्हा पहिला नंबर कुणाचा आला हे वेगळं सांगायला नको.

वाटेत त्यांनी नातवाला पावलं मोजायला लावली. शंभर मीटरला आपली किती पावलं पडतात हे माणसाला ठाऊक असावं, असं त्यांचं म्हणणं. पोरगं कंटाळलेलं दिसल्यावर त्यांनी नैनसिंग रावत ह्या जुन्या सर्व्हेअरची गोष्ट काढली, जी मी लहानपणी किमान वीस वेळा ऐकली आहे. तिबेटात परक्याला मोजणी करायची बंदी, म्हणून नैनसिंग यात्रेकरूच्या वेषात गेले. हातात जपमाळ, पण मणी १०८ नव्हे, मोजून १००. दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा, म्हणजे माळ पुरी झाली की दहा हजार पावलं. असं मोजत मोजत ते १८६६ साली ल्हासाला पोचले. "आणि वाटेत कुणी बोलायला लागलं तर?" मुलाने विचारलं. बाबा खूश झाले. मी हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

चोर दरवाजाच्या खालचा कातळटप्पा रेलिंग धरून चढलो. दरवाजातून वाकून आत शिरलं की समोर पद्मावती तलाव. राजगड ही स्वराज्याची पहिली राजधानी, रायगडाला जाण्याआधी महाराजांची साधारण पंचवीस वर्षं इथली. पद्मावती माचीवर सईबाईंची समाधी आहे. १६५९ साली त्या ह्याच गडावर वारल्या. संध्याकाळी बालेकिल्ल्याचा उभा चढ चढून आलो. बाबा आले नाहीत, खाली तटावर बसून राहिले. पहिल्याच दिवशी गुडघा उद्यासाठी राखून ठेवणारा माणूस पाहून मैत्रिणी हसल्या.

रात्री पद्मावतीच्या देवळात मुक्काम. तिथे मुलाने मला विचारलं, आजोबा प्रत्येक गोष्ट दोनदा का करतात? मग मी त्याला सत्तावीस सेंटिमीटरची गोष्ट सांगितली. बाबा शेजारी डोळे मिटून पडले होते. झोपले नव्हते.

मी दहा वर्षांची असेन. कालव्याच्या एका रेषेची लेव्हल चालू होती. लेव्हल करायची म्हणजे आधी जिची उंची पक्की माहीत आहे अशा जागेवर स्टाफ उभी करून दुर्बिणीतून आकडा वाचायचा, ती बॅकसाइट. मग पुढच्या नव्या जागेवरचा, म्हणजे पुढच्या खुंट्यावरचा, आकडा वाचायचा, ती फोरसाइट. यंत्र उचलून पुढे, परत बॅकसाइट, परत फोरसाइट. असं करत दुसऱ्या पक्क्या खुणेपर्यंत जायचं आणि आपली उंची तिच्याशी जुळते का ते बघायचं. तंतोतंत कधीच जुळत नाही. साधारण कामाला किलोमीटरच्या वर्गमुळाला चोवीसने गुणून येतील तेवढे मिलिमीटर माफ असतात. चार किलोमीटरला अठ्ठेचाळीस. त्या दिवशी चार किलोमीटरला फरक आला दोनशे सत्तर.

कालव्याला उतार किती असतो? त्या रेषेला पाच हजारात एक होता, म्हणजे किलोमीटरला अवघे वीस सेंटिमीटर. सत्तावीस सेंटिमीटरची चूक म्हणजे सव्वा किलोमीटरहून जास्त लांबीचा उतार गेला. पाणी तिथेच साचून राहणार. बरोबरच्या एका माणसाने सुचवलं की फरक सगळ्या खुंट्यांवर थोडा थोडा वाटून टाकू, कागदावर बसेल. बाबा काही बोलले नाहीत. कंदील ओढून फील्डबुक उघडलं आणि मला म्हणाले, "दोनशे सत्तरला नऊने भाग जातो का बघ."

जातो. तीस वेळा. शेजारशेजारचे दोन आकडे लिहिताना उलटे पडले तर येणाऱ्या फरकाला नेहमी नऊने भाग जातो, हे मला त्या रात्री कळलं. आम्ही दोघांनी पानं चाळली. एका ठिकाणी १.६३५ असं होतं. तिथे १.३६५ असेल तर हिशेब चोख बसत होता. मी म्हटलं, मग करा की दुरुस्त. त्यांनी वही मिटली. संशय आला म्हणजे पुरावा मिळाला असं नाही, म्हणाले. सकाळी त्या दोन खुंट्यांमधला तुकडा पुन्हा लेव्हल केला. १.३६५ निघालं. चूक बाबांचीच. घाई होती म्हणून वाचणारेही तेच आणि लिहिणारेही तेच होते. एरवी वाचणाऱ्याने आकडा मोठ्याने सांगायचा आणि लिहिणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा, हा नियम. खलाशांसमोर त्यांनी "माझं चुकलं, तुमचा वेळ गेला" असं सांगितलं. मग जुन्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारली, वर नवा लिहिला, बाजूला सही, तारीख. मी खोडरबर पुढे केला होता. "फील्डबुकात खोडायचं नसतं. आधी काय चुकलं होतं तेही वाचता आलं पाहिजे."

शाळेच्या वहीत मी पुढे तसंच करायला लागले आणि गिचमिडीबद्दल बोलणी खाल्ली, ती गोष्ट वेगळी.

दिवस दुसरा : संजीवनी माची, खिंड, तोरणा

पहाटे संजीवनी माचीवर. राजगडावर मला सगळ्यात आवडतं ते हे टोक. डोंगराच्या सोंडेवर टप्प्याटप्प्याने उतरत गेलेली दुहेरी तटबंदी, आणि दोन भिंतींच्या मधल्या चिंचोळ्या खंदकासारख्या वाटेत उतरायला जिने. बाबा एका बुरुजापाशी चांगली वीस मिनिटं अडकले. डोंगराचं वळण भिंतीने कुठेही मोडलेलं नाही, बांधणाऱ्याने आधी डोंगर बघितला आणि मग रेघ मारली, असं काहीतरी पुटपुटत होते. आमचं लक्ष घड्याळाकडे.

अळू दरवाजातून बाहेर पडलं की तोरण्याकडे जाणारी डोंगरधार लागते. सुरुवातीचा उतार वाईट आहे. वाळलेलं गवत, खाली सुटी माती, धरायला काही नाही. तिथे बाबा दोनदा बसून उतरले. बोलले काही नाहीत, पण काठी डाव्या हातातून उजव्या हातात गेली ते मी पाहिलं. पुढे धार बरी आहे. तासा-दीड तासाने राजगड आणि तोरण्याच्या मधली खिंड येते, तिथून डांबरी रस्ता आडवा जातो. बाबा रस्त्याच्या कडेला दगडावर बसले, बूट सैल केले, आणि म्हणाले, "मी इथपर्यंत."

मला धक्काच बसला. त्यांना चालता येत होतं, लंगडतही नव्हते. मी म्हटलं, बाबा, सावकाश जाऊ, वाटलं तर पाठीवरचं सगळं आम्ही घेतो. त्यांनी समोर तोरण्याकडे बोट केलं. "ह्याच्यापुढे रस्ता नाही. वर गुडघा धरला तर मला उतरवायला तुम्ही चौघं लागाल. आत्ता थांबलो तर मी एकटा पुरेसा आहे."

त्यांच्या तोंडावर खंत वगैरे काही नव्हती. मी मात्र रडवेली. हा माणूस पुन्हा ही वाट चालणार नाही, हे मला दिसत होतं. त्यांना ते माझ्या आधी, बहुधा नकाशा पाहतानाच दिसलेलं होतं. काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं. छत्रीचं, सत्तावीस सेंटिमीटरचं, पुढे नोकरीत माझ्या हातून झालेली एक मोठी चूक मी स्वतः जाऊन सांगितली त्या दिवसाचं, बरंच काही साठलेलं होतं. पण आमच्या घरात असं बोलायची सवय नाही. "पाणी पुरेसं आहे ना तुमच्याजवळ?" एवढंच निघालं.

"आहे." मग त्यांनी पिशवीतून दोन वह्या काढल्या. एक कोरी, ती नातवाला दिली. दुसरी जुनी, कडा झिजलेली. १९७८ साली ते मित्रांबरोबर रायगडावर गेले होते तेव्हाची. "ह्यात चित दरवाजा ते महादरवाजा पायऱ्या मोजलेल्या आहेत. तुम्ही मोजा, मग ताळा करू. एकाने मोजायचं, एकाने लिहायचं. आणि मोठ्याने." जुनी वही त्यांनी परत पिशवीत ठेवली. आकडा आधी बघितला की मोजणारा नकळत तिथेच पोचतो, म्हणून.

तासाभराने वेल्ह्याच्या दिशेची जीप मिळाली. तिथून भोर, वरंधा घाट करत ते महाडला जाणार आणि पाचव्या दिवशी रायगडावर भेटणार. रोपवेने. "फसवणूक आहे ही," मुलगा म्हणाला. "सोय आहे," आजोबा म्हणाले, आणि गेले.

तोरण्याचा चढ मला फारसा आठवत नाही. बुधल्याच्या सुळक्याखालची शिडी आठवते, तिथे मैत्रिणीची बाटली निसटून दरीत गेली त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. कोकण दरवाजातून वर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. १,४०३ मीटरवरून मागे पाहिलं तर संजीवनी माची आणि मधली सगळी धार एका रेघेत. खिंडीतला रस्ता दोऱ्याएवढा. मुक्काम मेंगाई देवीच्या देवळात.

दिवस तिसरा : मोहरीपर्यंत, आणि मध्ये एक तास कुठेच नाही

बुधला माचीवरून भट्टी गावाच्या अंगाने उतरताना वाट चुकली, आणि चुकवली मीच. कारवीत एक मळलेली पायवाट दिसली, ती गुरांची निघाली. अर्ध्या तासाने ती विरघळून गेली. अशा वेळी माझ्यातलं शहाणपण नेहमी म्हणतं की खाली गाव दिसतंय ना, मग सरळ उतरू. मैत्रीण तेच म्हणत होती. मी पंधरा-वीस पावलं उतरलेही, आणि पुढे कातळाचा तुटका काठ.

मुलगा मागून म्हणाला, "शेवटचा खुंटा कुठे होता?"

आदल्या दिवशी धारेवरून चालताना आजोबांनी त्याला शिकवलं होतं म्हणे. दर वळणावर थांबून मागे बघायचं, कारण परतताना वाट वेगळीच दिसते. आणि हरवलो असं वाटलं की पुढे शोधायचं नाही, जिथपर्यंत खात्री होती तिथे परत जायचं. त्याने तीन ठिकाणं वहीत लिहून ठेवली होती. 'दोन फांद्यांचं वाळलेलं झाड, डाव्या हाताला' हे तिसरं. ते झाड शोधत पुन्हा वर चढलो, सगळ्यांच्या शिव्या खात. झाडापाशी दगडावर रंगवलेला बाण होता, जाताना आमच्या पाठीमागे पडलेला. तो मागे वळून बघणाऱ्यालाच दिसला असता. तास गेला. बाकी दिवस सरळ चाल. अंधार पडता पडता मोहरी गावात पोचलो.

दिवस चौथा : रायलिंग आणि सिंगापूरची नाळ

मोहरीचा वाटाड्या बरोबर घेतला. आधी त्याने रायलिंगाच्या पठारावर नेलं. पठार संपतं तिथे समोर लिंगाण्याचा सुळका, मध्ये खोल दरी, आणि लिंगाण्याच्या मागे रायगडाचा सपाट माथा. फोटो खूप पाहिले होते, पण फोटोत दरीतून वर येणारा वारा नसतो. मुलगा पोटावर झोपून कडेपर्यंत सरकला आणि मी त्याचा पाय धरून बसले.

मग सिंगापूर नावाच्या इथल्याच वाडीजवळच्या नाळेने, म्हणजे उभ्या घळीने, कोकणात उतरलो. मोठमोठ्या धोंड्यांची उतरंड. वाटाड्या चपलेवर, आम्ही महागड्या बुटांवर, आणि घसरत होतो आम्ही. खाली दापोली नावाचं लहान गाव (रत्नागिरीतली दापोली नव्हे), मग पुढची लांबण. पायांविषयी लिहिण्यासारखं बरंच आहे पण वाचण्यासारखं नाही. निरोप घेताना मुलाने वाटाड्याचं नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं. हे मी शिकवलेलं नव्हतं. बाबांच्या प्रत्येक फील्डबुकाच्या पहिल्या पानावर खलाशांची नावं असायची, स्वतःचं त्यांच्या खाली. स्टाफ वाकडी धरली गेली तर माझं वाचन काय कामाचं, म्हणायचे.

दिवस पाचवा : रायगड

सकाळी चित दरवाजापासून सुरुवात. मी मोजणार, मुलगा लिहिणार. दर शंभराला मी ओरडायचं, "तीनशे!", त्याने ओरडायचं, "तीनशे!", मग पेन्सिल. उतरणारी माणसं थबकून पाहत होती. रायगडाच्या पायऱ्या नक्की किती, ह्याचा आकडा जो तो वेगळा सांगतो, त्याचं कारण चढताना कळलं. कुठे अर्धी पायरी, कुठे नुसता कातळ, कुठे दोन पायऱ्यांची डागडुजी होऊन एक झालेली. काय मोजायचं आणि काय सोडायचं हे दर वेळी ठरवावं लागतं. महादरवाजात आकडा बंद केला, त्याखाली तारीख टाकली, दोघांनी सह्या केल्या.

होळीच्या माळावर बाबा आधीच बसलेले होते. इस्त्रीचा शर्ट. रोपवेने चार मिनिटं लागली, हे त्यांनी घड्याळ लावून पाहिलं होतं. मुलाने वही पुढे केली तर म्हणाले, आधी जगदीश्वर.

बाजारपेठेतून पुढे जगदीश्वराच्या देवळाकडे गेलो. तिथल्या पायरीवरचा लेख सगळ्यांना माहीत असतो : 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर'. १६७४ साली जिथे राज्याभिषेक झाला तो गड ज्याने बांधून दिला, त्याने आपलं नाव कोरायला जागा निवडली ती पायरीची. बाबांनी चप्पल काढली. गुडघा वाकत नव्हता, म्हणून खांद्यावर हात ठेवून मी त्यांना बसवलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं, जसं ते स्टाफवरचा धूळ बसलेला आकडा पुसायचे तसं. नातवाला म्हणाले, "ओळीची लेव्हल बघ."

मग तिथेच सावलीत बसून ताळा. १९७८ ची वही उघडली. पुढचे आकडे जुळत होते. शेवटचे दोन आमचे ५३, त्यांचे ३५.

"अठरा," मुलगा म्हणाला. मग किंचाळलाच, "आजोबा, नऊने भाग जातोय!"

बाबांनी चष्मा खाली ओढला. वहीकडे पाहिलं, नातवाकडे पाहिलं. "संशय आहे," म्हणाले. "पुरावा?"

म्हणून उतरताना आम्ही पुन्हा मोजलं. ह्या वेळी मुलगा मोजत होता आणि मी लिहीत होते. बाबा रोपवेने उतरून, गाडीने चित दरवाजाशी येऊन उभे होते. शेवटचे दोन आकडे ४९ आले. आमच्या दोन मोजण्यांत चारचा फरक. "माफ," बाबा म्हणाले.

"मग तुमचं ३५ चुकलंय ना? मारा रेघ."

"मधल्या काळात पायऱ्या दुरुस्त झाल्यात. काही वाढल्या असतील, काही गेल्या असतील. तेव्हाच्या पायऱ्या आता कोण मोजणार?" त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि ३५ च्या शेजारी लहानसं प्रश्नचिन्ह काढलं. खाली सही केली, तारीख घातली आणि वही नातवाकडे दिली.

"तूही कर. साक्षीदार लागतो."